वाळवंटातल्या अश्मयुगावर पीएचडी करायची? गावातून जेआरएफ शिष्यवृत्तीचा अर्ज असा भरा

थारच्या वाळवंटातला आदिमानव अभ्यासायला राजस्थानातच शिकावं लागतं असं नाही. राजस्थानातल्या डीडवान्याच्या '१६ आर' या वाळूच्या टेकडीतले अश्मयुगीन थर उलगडणारे प्रा. वीरेंद्रनाथ मिश्र पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. तिथे पुरातत्त्वात एम.ए. करायला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीएस्सी ॲग्रीवाल्यांनी बिचकू नये, मातीचे थर ओळखता येणं इथे कामीच येतं. विदर्भातून जवळ हवं असेल तर नागपूर विद्यापीठातही पुरातत्त्वाचा विभाग आहे.

पुढची पायरी यूजीसी-नेट, जेआरएफ मिळवून देणारी राष्ट्रीय परीक्षा. ती एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते, साधारण जून आणि डिसेंबरच्या सत्रात. पुरातत्त्वाचा विषय क्रमांक ६७. एम.ए.ला ५५ टक्के हवेत. ओबीसी नॉन-क्रिमिलेअर, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ५० चालतात. ईडब्ल्यूएसला ही सूट नाही. शेवटच्या वर्षाला असलात तरी अर्ज करता येतो. जेआरएफसाठी वय ३० पर्यंत. ईडब्ल्यूएस सोडून वरच्या राखीव प्रवर्गांना आणि सर्व महिलांना ५ वर्षं जास्त.

आपल्याकडची पोरं अडकतात ती दाखल्यात. सेतूतून काढलेलं राज्याचं नॉन-क्रिमिलेअर इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं आणि तेही चालू आर्थिक वर्षातलं. म्हणजे १ एप्रिल उलटला की तहसीलची फेरी आलीच. जातीचा दाखला आणि तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. नॉन-क्रिमिलेअरच्या ८ लाखांच्या वार्षिक उत्पन्न मर्यादेत शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत, हे खिडकीवर नम्रपणे पण ठामपणे सांगा. व्हीजे-एनटी असा प्रवर्ग केंद्रात नाही. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते अर्जाआधी तपासा.

नाव आणि जन्मतारीख दहावीच्या सनदेप्रमाणेच टाका. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, ऑनलाइन सेंटरवाल्याचा नको. ओटीपी, परीक्षेच्या सूचना सगळं त्यावरच येतं.

एकूण दोन पेपर, मिळून प्रश्न १५०, गुण ३००, वेळ ३ तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

जेआरएफ लागली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. पण पीएचडीचा प्रवेश वेगळा: विद्यापीठाचा अर्ज, मुलाखत, मार्गदर्शक. नोंदणी झाल्याशिवाय पैसे सुरू होत नाहीत. म्हणून वाळवंटी प्रागितिहासावर काम करणारा मार्गदर्शक निकालाची वाट न पाहता शोधायला लागा.