अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन, ॲन

भय आणि विनोद या दोन्ही अंगांनी गाजलेला इंग्रजी चित्रपट (१९८१). लेखक व दिग्दर्शक जॉन लँडिस. प्रमुख भूमिका डेव्हिड नॉटन, ग्रिफिन डन, जेनी ॲगटर व जॉन वुडव्हाइन यांच्या. संगीत एल्मर बर्नस्टीन यांचे. रंगभूषा रिक बेकर यांची. लांबी ९७ मिनिटे. वेअरवुल्फ या शब्दातील ‘वेअर’ म्हणजे जुन्या इंग्रजीत पुरुष. मराठीत या संज्ञेला एकच रूढ शब्द नाही. अर्थ, लांडग्यात रूपांतर होणारा माणूस.

डेव्हिड आणि जॅक हे दोन अमेरिकन तरुण यॉर्कशरच्या ओसाड माळावर पायी भटकत असताना एक श्वापद त्यांच्यावर झडप घालते. जॅक जागीच मरतो, डेव्हिड चाव्यानिशी वाचतो आणि लंडनच्या रुग्णालयात शुद्धीवर येतो. पुढे पौर्णिमेला तो स्वतःच लांडगा होतो. मेलेला जॅक मात्र त्याला पुन्हा पुन्हा भेटायला येत राहतो.

कथाबीजाविषयी सर्वांत जास्त लिहिले गेले आहे. लँडिस यांच्या सांगण्यानुसार १९६९ मध्ये, विशीही न ओलांडलेल्या वयात, एका युद्धपटाचे साहाय्यक म्हणून ते युगोस्लाव्हियात होते. तेथे एका चौरस्त्यावर रोमा (जिप्सी) लोक एक प्रेत लसणाच्या माळा घालून उभ्याने पुरत होते. मेलेला माणूस पुन्हा उठून येऊ नये हा त्यामागचा हेतू. त्याच सुमारास त्यांनी पटकथा लिहिली. या प्रसंगाला लँडिस यांच्या कथनाचाच आधार आहे. तरी पूर्व युरोपात ‘परतणाऱ्या’ मृतांविरुद्ध असे उपाय केले जात, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी नोंदवलेलेच आहे, त्यामुळे ते अविश्वसनीय वाटत नाही. येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. त्या अंत्यविधीत लांडगा कुठेच नाही, आहे तो स्वस्थ न पडणारा मृत. हे कथन मानले, तर चित्रपटाचे मूळ डेव्हिडमध्ये नसून जॅकमध्ये आहे असे म्हणावे लागते, आणि प्रस्तुत नोंदीचा कल त्याच बाजूला आहे.

पटकथा सुमारे दहा वर्षे पडून राहिली. विनोदी म्हणावी तर फार भीषण आणि भयपट म्हणावा तर फार गमतीदार, अशी निर्मात्यांची अडचण होती. १९७८ आणि १९८० मधल्या आपल्या दोन विनोदी चित्रपटांना यश मिळाल्यावर लँडिस यांना पैसा उभा करता आला. हा भयपटच आहे, विनोदपट नव्हे, असे ते स्वतः आग्रहाने सांगत आले. समीक्षक मात्र सर्रास भयविनोदी असाच उल्लेख करतात. दोन्ही मतांना आधार मिळतो तो जॅकच्या दृश्यांत. रुग्णालयात डेव्हिडसमोर न्याहारीचे ताट असते आणि गळा फाटलेला, मानेवर कातडीची चिंधी हलणारा जॅक खाटेशी येऊन त्याच्या ताटातला टोस्ट मागतो. आपल्या अंत्यविधीला कोण किती रडले, हेही तो मित्राला सांगतो. बोलणे तेच, चेष्टा तीच. देह तेवढा दर भेटीत अधिक कुजलेला. शेवटच्या भेटीपर्यंत त्याचा जवळजवळ सांगाडा उरतो आणि त्या जागी बाहुला वापरलेला आहे. प्रेक्षक हसतो तो मैत्रीच्या ओळखीच्या सुरामुळे, आणि त्याच सुरात जॅक मित्राला जीव द्यायला सांगतो. या चित्रपटाची मोहिनी मुख्यतः येथे आहे. रूपांतराचे दृश्य कितीही थोर असले तरी ते दुसऱ्या क्रमांकावर येते.

ते दृश्य तंत्रदृष्ट्या क्रांतिकारक ठरले. १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये रूपांतरासाठी एक चित्र दुसऱ्यात विरत जाण्याची युक्ती होती आणि पहिल्या वेळी तर केवळ पाय दिसत. लँडिस यांनी हा आडपडदा नाकारला. दिवाणखान्यात लख्ख उजेड, मागे सॅम कुक यांच्या आवाजातले ‘ब्लू मून’ हे संथ गाणे, आणि डेव्हिड वेदनेने ओरडत आपलाच पंजा लांबत जाताना पाहतो. बेकर यांनी आतून यंत्राने ताणली जाणारी रबरी डोकी व हात बनवले. नाक-जबडा पुढे येऊन मुस्कट होते ते त्यामुळे. केस उगवताना दाखवण्यासाठी ते रबरी कातडीतून आत ओढून घेतले आणि चित्रफीत उलटी फिरवली. काही चित्रणांत नॉटन यांचे धड खोट्या जमिनीतून वर काढले होते आणि उरलेले लांडग्याचे अंग कृत्रिम होते. उत्कृष्ट रंगभूषेचा ऑस्कर १९८२ च्या सोहळ्यापासून नियमित झाला, आणि त्यातला पहिलाच पुरस्कार बेकर यांना मिळाला. बेकर यांचे शिष्य रॉब बॉटीन यांनी १९८१ च्याच ‘द हाउलिंग’मध्ये अशीच किमया केली होती आणि तो चित्रपट काही महिने आधी झळकला, त्यामुळे अग्रक्रमाचा वाद अधूनमधून निघतो. त्या चित्रपटाच्या रंगभूषेची सुरुवात बेकर यांनीच केली होती व मग काम बॉटीन यांच्याकडे सोपवले, हे लक्षात घेता दोन्ही एकाच घराण्याची कामे मानणे बरे.

पौर्णिमेचा नियम पुरातन समजला जातो, तसा तो नाही. पेट्रोनियस या रोमन लेखकाच्या इ.स. पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या लेखनात चांदणे आहे, तर तेराव्या शतकाच्या आरंभी टिलबरीचा गर्व्हेस हा लेखक चंद्राच्या पालटाचा उल्लेख करतो. मात्र दर पौर्णिमेला हमखास रूपांतर हा दंडक बव्हंशी १९३५ नंतरच्या हॉलिवुडने पक्का केला. असा लांडगा केवळ चांदीच्या गोळीने मरतो, या समजुतीचेही तसेच. डेव्हिड तिच्याविषयी विचारतो तेव्हा जॅक त्याला वेड्यात काढतो, आणि शेवटी पोलिसांच्या साध्या गोळ्याच पुरतात.

माळाचे चित्रण वेल्समध्ये झाले. ‘द स्लॉटर्ड लॅम्ब’ या गुत्त्याचा दर्शनी भाग वेल्समधील क्रिकाडार्न गावातला, आतला भाग सरे परगण्यातला. टॉटनहॅम कोर्ट रोड भुयारी स्थानकातील पाठलाग आणि पिकॅडिली सर्कसमधील गाड्यांची धडकाधडक प्रत्यक्ष जागी चित्रित झाली. डेव्हिड मरताच क्षणाचाही अवकाश न देता श्रेयनामावलीवर ‘ब्लू मून’ची उडती चाल सुरू होते, हा धक्का आजही काही प्रेक्षकांना रुचत नाही.

चित्रपट पाहून मायकल जॅक्सन यांनी ‘थ्रिलर’च्या (१९८३) चित्रफितीसाठी लँडिस व बेकर यांना बोलावले. ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन पॅरिस’ (१९९७) या पुढच्या भागाशी लँडिस यांचा संबंध नव्हता. महेश भट यांच्या ‘जुनून’ (१९९२) या हिंदी चित्रपटावर याचा प्रभाव मानला जातो. तेथे राहुल रॉय यांनी साकारलेला नायक पौर्णिमेला लांडगा न होता वाघ होतो.