व्हॉल्व्ह बदलण्याआधी कपॅसिटर बघा

माळ्यावरून आजोबांचा रेडिओ खाली आला की नागपुरात हमखास कोणीतरी सांगतं, ‘व्हॉल्व्ह गेले असतील, सगळे बदलून टाका.’ मग सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत शोधाशोध. पण व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओतल्या त्या काचेच्या नळ्या, पुष्कळदा कित्येक दशकं टिकतात. फिलामेंट (आतली तापणारी तार) शाबूत असेल तर आधी त्यांच्या वाटेला जाऊच नका.

खरे थकतात ते कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारे आणि डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) अडवणारे भाग. मेण लावलेल्या कागदी कपॅसिटरमध्ये ओल शिरते आणि त्यातून डीसी गळू लागतो. सगळ्यात घातक जागा आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडवरच्या, म्हणजे प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीवरच्या, कपलिंग कपॅसिटरची; आधीच्या टप्प्यातला आवाजाचा सिग्नल तोच पुढे नेतो. तो गळला की ईएल ८४ सारख्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन व्होल्टेज चढतं, प्रवाह बेफाम वाढतो आणि व्हॉल्व्हसोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. म्हणजे महागाचा नवा व्हॉल्व्ह घाला, तोही त्याच वाटेने जाणार! पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. स्पीकरमधली घरघर बहुधा त्यांचीच.

म्हणून सरसकट सगळंच उपटायचं, असंही नाही. अभ्रकाचे आणि सिरॅमिक कपॅसिटर सहसा ठणठणीत असतात. कार्बन रेझिस्टर मीटरने मोजा, २० टक्क्यांहून जास्त सरकला असेल तर बदला. आयएफ ट्रान्सफॉर्मरचे (स्टेशन नेमकं पकडायला जुळवलेल्या कॉइलचे) स्क्रू मात्र उगाच फिरवू नका (हौशी हातांना तिथेच खाज सुटते), नाहीतर आकाशवाणी नागपूरसुद्धा धड लागणार नाही.

आणि कागदी कपॅसिटर बदलण्याआधी ‘जरा लावून तर बघू’ म्हणत प्लग लावू नका. शिवाय पॉवर ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी (दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या) सेटच्या चॅसिसवर, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावर, थेट मेनचा करंट असू शकतो.