वाढीच्या संप्रेरकाच्या उपचारांसाठी पूर्वमंजुरी: पात्रता, चाचण्या आणि कागदपत्रे

वाढीच्या संप्रेरकाची, म्हणजे ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने महाग असतात आणि ती अनेक वर्षे घ्यावी लागतात. त्यामुळे खर्च शासकीय योजनेतून होणार असो वा विम्यातून, उपचारांपूर्वी बहुधा पूर्वमंजुरी लागते. अर्जाचे नमुने वेगवेगळे असले, तरी अर्ज तपासणारे डॉक्टर मुख्यतः दोनच गोष्टी पाहतात: मुलाच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून हे संप्रेरक खरोखरच कमी स्रवते का, आणि उंची खुंटण्याची इतर कारणे तपासून वगळली आहेत का.

केवळ बुटकेपणा पात्रतेला पुरत नाही. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर वाढते. हा वेग सातत्याने 4 सेंटिमीटरच्या खाली राहिला आणि वाढीच्या आलेखावरची रेषा खाली घसरत गेली, तर संशयाला आधार मिळतो. म्हणूनच माझ्या मते अर्जातला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे उंचीची नोंद, निदान सहा महिन्यांची आणि शक्य असल्यास वर्षभराची. मोजताना बूट-मोजे काढावेत, वेणी किंवा अंबाडा सोडावा, टाचा व पाठ भिंतीला टेकवून नजर समोर ठेवावी आणि दर वेळी तेच उपकरण व दिवसाची तीच वेळ पाळावी, कारण संध्याकाळी उंची सकाळपेक्षा किंचित कमी भरते. वर्षाची वाढच 4 सेंटिमीटर असेल, तर एका सेंटिमीटरची चूक सगळा हिशेब बिघडवते.

इतर कारणे वगळण्यासाठी थायरॉईड, मूत्रपिंड आणि सीलिएक आजाराच्या (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या विकाराच्या) तपासण्यांचे अहवाल जोडावेत. मुलींच्या बाबतीत टर्नर सिंड्रोमसाठी (एक एक्स गुणसूत्र नसण्याच्या किंवा अपुरे असण्याच्या जन्मजात विकारासाठी) गुणसूत्रांची तपासणीही आवश्यक ठरते. डाव्या पंजाच्या व मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय, म्हणजे हाडे किती पक्व झाली आहेत ते कळते, तर आयजीएफ-1 ही रक्तचाचणी संप्रेरकाच्या कामाचा अंदाज देते.

खरा कस लागतो तो उत्तेजन चाचणीत. हे संप्रेरक दिवसभर एकसारखे न स्रवता झटक्याझटक्याने, विशेषतः झोपेत स्रवते, त्यामुळे एरवी घेतलेल्या एखाद्या नमुन्यावरून निदान होत नाही. मुलाला उपाशीपोटी हे संप्रेरक स्रवायला लावणारे क्लोनिडीन किंवा ग्लुकागॉनसारखे औषध देऊन ठरावीक अंतराने रक्त घेतले जाते. साधारणपणे अशा दोन वेगळ्या चाचण्या मागितल्या जातात. सर्वोच्च पातळी 10 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असणे ही पूर्वापार मर्यादा आहे, मात्र काही ठिकाणी ती याहून खाली धरतात. अहवालात फक्त निष्कर्ष न देता प्रत्येक नमुन्याची वेळ व पातळी नोंदवून घ्यावी, एवढा आग्रह पालकांनी जरूर धरावा. कमतरता सिद्ध झाल्यावर पियूषिकेचा एमआरआय केला जातो व त्याचा अहवालही लागतो.

सोबत मुलाचा जन्मदाखला, ओळखपत्र, पालकांचे संमतिपत्र, आईवडिलांची उंची, जन्माच्या वेळचे वजन, जुनी डिस्चार्ज कार्डे आणि बाल-एंडोक्रिनॉलॉजिस्टचे (मुलांच्या संप्रेरकविकारांच्या तज्ज्ञाचे) शिफारसपत्र असावे. रोजच्या इंजेक्शनची मात्रा सामान्यतः दर किलो वजनामागे 25 ते 35 मायक्रोग्रॅम असते, त्यामुळे पत्रात ताजे वजन आणि मात्रा दोन्ही स्पष्ट हवीत. शरीरात सक्रिय गाठ किंवा कर्करोग असल्यास हे उपचार देत नाहीत, आणि हाडांच्या टोकांवरील वाढपट्ट्या मिटल्या असतील तर उंचीसाठी त्यांचा उपयोग उरत नाही.

अर्ज नामंजूर झाला, तर कारण लेखी मागावे, त्यातली नेमकी त्रुटी डॉक्टरांना दाखवावी आणि पूरक अहवालासह मुदतीत फेरविचाराची मागणी करावी. वाढपट्ट्या कागदांसाठी थांबत नाहीत, म्हणून दिरंगाई नको. मंजुरी बहुधा ठरावीक मुदतीची असते. नूतनीकरणासाठी उपचारांनंतरची उंची, वजन, आयजीएफ-1 आणि इंजेक्शनांची नोंद द्यावी लागते, आणि वाढ वर्षाला 2 सेंटिमीटरच्या खाली आली की उपचार साधारणपणे थांबवतात. औषधाचा साठा संपण्याच्या काही आठवडे आधीच हा अर्ज दाखल करावा, म्हणजे मुलाच्या इंजेक्शनांत खंड पडणार नाही.