शिक्का आहे, पण कारागीर कोण?

मार्केट्री म्हणजे लाकूड कोरून त्यात तुकडे बसवणं नव्हे. रंगीत लाकडांच्या पातळ पट्ट्या कापून जुळवायच्या आणि ते चित्र साध्या सांगाड्यावर चिकटवायचं. अठराव्या शतकातल्या पॅरिसमधलं असं कपाट तपासायला आलं की आधी वरचा संगमरवर उचलून शिक्का शोधतात. शिक्का मात्र सही नव्हे, तो लाकूडकाम कारागिरांच्या संघाचा नियम होता. १७४३ च्या नियमावलीने उस्तादांना नावाचा ठसा सक्तीचा केला. ती लागू व्हायला १७५१ उजाडलं. संघाचे पंच कारखान्यांत फिरून 'जेएमई' ही संघाची अक्षरं ठोकत. १७९१ मध्ये संघच बरखास्त झाले.

राजाश्रयाखालच्या कारागिरांना संघाच्या नियमांतून सूट होती. चौदाव्या लुईचा कारागीर आंद्रे-शार्ल बूल याला १६७२ मध्ये लूव्हरमध्ये जागा मिळाली, त्याने ठसा वापरलाच नाही. पितळ आणि कासवाच्या कवचाचे पत्रे एकावर एक ठेवून तो एकदम कापत असे, त्यामुळे एकाच नक्षीचे दोन उलटसुलट संच निघत. पुढे एत्येन लव्हासरसारख्यांनी त्याच धाटणीचं काम केलं, जुनं दुरुस्तही केलं. म्हणून बूल शैलीच्या कपाटावर लव्हासरचा ठसा दिसला तरी ते त्याने घडवलं असं ठरत नाही. बूलच्याच हातच्या म्हणून ठोस आधार फार थोड्या वस्तूंना आहे. १७०८-०९ मध्ये व्हर्सायच्या त्रियानों महालात पोचवलेली दोन कमोड, म्हणजे खणांची बुटकी कपाटं, त्यांतली.

ठसा असला तरी घोळ होतोच. झां-फ्रांस्वा ओबेन हा कारागीर १७६३ मध्ये वारला. विधवेने कारखाना चालवला आणि ठसा ओबेनचाच राहिला. तिथेच काम करणाऱ्या झां-आंरी रीसेनेरने १७६७ मध्ये तिच्याशी लग्न केलं, १७६८ मध्ये तो उस्ताद झाला. मधल्या पाच वर्षांतला 'ओबेन' हा ठसा नेमका कोणाच्या कामाचा? पंधराव्या लुईचं मेज तर ओबेनने १७६० मध्ये हाती घेतलं आणि १७६९ ची सही त्यावर रीसेनेरची आहे. कधी ठशात नावाऐवजी नुसती अक्षरं असतात: 'बीव्हीआरबी' या आद्याक्षरांमागचा कारागीर बर्नार व्हान रिसेनबर्ग १९५७ मध्ये उलगडला.

ठशाइतकंच लाकूडही बोलतं. हाताने करवतलेली पट्टी दीड-दोन मिलिमीटर जाड असते, एकोणिसाव्या शतकातली यंत्राची बहुधा एक मिलिमीटरच्या आत. पण वारंवार घासून जुनी पट्टीही झिजते. म्हणून जाडी कुलपाच्या भोकाच्या कडेला, आणि मूळचा रंग वरून ठोकलेल्या पितळी जडणीखाली (मुठी, कडांवरचे नक्षीचे तुकडे) पाहावा. चित्रातली बाहेरची हिरवी-निळी पानं रंग उडून तपकिरी झालेली असतात. पितळावरचा मुकुटधारी 'सी' हा १७४५-४९ मध्ये अशा धातूवर लावलेल्या कराचा ठसा. तो त्या जडणीचा काळ सांगतो, कपाटाचा नाही; जडणी बदललेली असणं अगदी नेहमीचं.