पार्श्वभूमी: 'डबल ग्रीन' म्हणजे नक्की कुठलं?

गोल्फवाल्यांच्या बोलण्यात 'डबल ग्रीन' हा शब्द दोन गोष्टींसाठी सरसकट येतो, आणि त्या दोन्ही एकमेकींच्या उलट आहेत. ग्रीन म्हणजे खड्ड्याभोवतीचा बारीक कापलेल्या गवताचा भाग. होल म्हणजे तो खड्डा, आणि तिथवर खेळत जायचा टप्पाही. एकीत ग्रीन एकच असतं आणि ते दोन होलच्या वाट्याला येतं. दुसरीत होल एकच असतं आणि त्याला दोन ग्रीन असतात, त्यांतलं त्या दिवशी एकच चालू. पहिली सोय जागेच्या आणि वहिवाटीच्या गरजेतून आली, दुसरी हवामानाच्या. म्हणून या टिपणात पहिल्या प्रकाराला 'सामाईक ग्रीन' आणि दुसऱ्याला 'जोडग्रीन' म्हटलं आहे.

सामाईक ग्रीनचं मूळ स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला. तिथे जायचं ते ज्या वाटेने, परतही त्याच वाटेने, त्याच होलांवर. 1764 मध्ये 22 होलांचा फेरा 18 वर आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गर्दी इतकी वाढली, की जाणारे आणि येणारे एकाच खड्ड्यापाशी समोरासमोर येऊ लागले. मग ग्रीन रुंद करून प्रत्येकावर दोन होल पाडले, जाताना पांढरं निशाण, येताना लाल. आजही तिथे सात सामाईक ग्रीन आहेत आणि त्यांच्या जोड्यांची बेरीज 18 येते: दोन-सोळा, तीन-पंधरा, चार-चौदा, असं आठ-दहापर्यंत. पाच-तेराचं ग्रीन तीस-पस्तीस गुंठ्यांचं भरतं. आपल्याकडचं नेहमीचं ग्रीन पाच गुंठ्यांच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज यावा.

शब्दाचा घोळ बोलण्यापुरता राहिला असता तर चाललं असतं. पण नियमपुस्तक या दोन प्रकारांना अगदी वेगळी वागणूक देतं, आणि स्पर्धेत भांडणं होतात ती इथेच. जे ग्रीन आपण खेळत असलेल्या होलचं नाही, ते 'चुकीचं ग्रीन'. तिथून बॉल मारता येत नाही. सामाईक ग्रीन दोन्ही होलचंच असल्यामुळे पलीकडच्या टोकाला, शेजारच्या निशाणाजवळ बॉल थांबला तरी तो आपल्याच ग्रीनवर असतो. सत्तर मीटरचा पट (ग्रीनवरून बॉल लोटायचा फटका) मारावा लागला तरी बेलाशक मारायचा. ते नको असेल तर समितीला स्थानिक नियम करून ग्रीनच्या मधोमध हद्द आखता येते, मग पलीकडचा भाग चुकीचा ठरतो. रेघ कोणी आणि कुठे मारायची यावर किती काळ वाद चालू शकतो, हे सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको.

जोडग्रीनचं उलट. डावं चालू असेल त्या दिवशी उजवं चुकीचं, मग ते त्याच होलचं का असेना. तात्पुरतं ग्रीन चालू असताना कायमचं ग्रीनसुद्धा चुकीचं ठरतं, ही गोष्ट जुन्या खेळाडूंनाही पटकन पटत नाही. 2019 पर्यंत बॉल प्रत्यक्ष त्या ग्रीनवर असला तरच उचलावा लागे. बॉल कडेच्या गवतात आणि पाय ग्रीनवर, अशी अवस्था असेल तर तसाच मारायचा. 2019 च्या नियमांनी ती सूट काढली. आता पाय किंवा स्विंगची जागा चुकीच्या ग्रीनवर येत असली तरी मोफत ड्रॉप घ्यावाच लागतो. होलच्या जवळ न जाता पूर्ण सुटका देणारा सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा, तिथून एका क्लबच्या, म्हणजे काठीच्या, लांबीत, गुडघ्याच्या उंचीवरून बॉल सोडायचा. न सोडता मारला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तो प्रकार) दोन दंडाचे फटके, मॅच प्लेमध्ये (होलागणिक हार-जीत ठरते तो प्रकार) होल गेलं. हा ड्रॉप बहुधा ग्रीनच्या काठावरच्या पट्ट्यात पडतो आणि सगळे तिथूनच वेजने (बॉल उंच उडवणाऱ्या क्लबने) मारून गवताचे तुकडे उडवतात. म्हणून जोडग्रीन ठेवणाऱ्यांनी काठालाही मनाई करणारा स्थानिक नियम सोबतच लावावा. तो न लावल्याचं मोसमाअखेर काठ पाहिला की कळतं.

जोडग्रीन खऱ्या अर्थाने रुजलं जपानमध्ये, नंतर कोरियात. तिथला उन्हाळा दमट आणि तापलेला, हिवाळा गोठवणारा. बेंट हे थंडीचं गवत: बारीक, गुळगुळीत, पंधरा ते चोवीस अंशांत खूश, पण माती तापली की मुळं आखडतात. कोराई हे तिथलं उष्ण हवेचं गवत: उन्हाळ्यात हिरवंगार, थंडी पडली की तपकिरी होऊन झोपतं. एका गवतावर वर्ष निघत नाही म्हणून एका होलला दोन ग्रीन. अमेरिकेत जोडग्रीन तुरळक. न्यू जर्सीतल्या एका नामांकित मैदानात आठव्या आणि नवव्या होलला आहेत, पण त्याला ऋतूंची सक्ती नव्हती.

1950 च्या दशकात पेनक्रॉस हा बेंटचा वाण आला, पुढे उष्णता आणखी सोसणारे वाण आले, आणि जपानी जोडग्रीनचं मूळ कारण विरघळलं. तरी बऱ्याच मैदानांत दुसरं ग्रीन तसंच राहिलं. फक्त कोराई खरवडून तिथेही बेंट लावलं. म्हणजे दोन ग्रीन आणि दोन्हींवर एकच गवत. ठेवणाऱ्यांचं म्हणणं असं की आळीपाळीने गवताला विसावा मिळतो आणि दुरुस्तीसाठी मैदान बंद ठेवावं लागत नाही. ते खोटं नाही. पण किंमत मोठी आहे. जागा तेवढीच असल्याने दोन्ही ग्रीन आखूड होतात, खड्डा हलवायला चार-पाच जागा उरतात आणि त्याच तुडवल्या जातात. विसाव्यासाठी केलेली सोयच झीज वाढवते. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, दोघांच्या मधे पडतात, ते कोणाचंच नीट रक्षण करत नाहीत. कापणी, वाळू, फवारणी हे सगळं दुप्पट. 2020 च्या ऑलिंपिकचं गोल्फ ज्या मैदानात झालं, त्या सैतामातल्या मैदानाने 2016 मध्ये सगळी जोडग्रीन काढून प्रत्येक होलला एकच ग्रीन केलं. बाकीच्यांनी त्याच्याही आधी ते करायला हवं होतं.

आता आपल्याकडे. बेळगावचं गोल्फ मैदान न खेळणाऱ्यांना ठाऊक झालं ते 2022 च्या ऑगस्टमुळे: बिबट्या शिरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधायला साकरेबैलच्या हत्तीछावणीतून हत्ती आले. हवामानाचा विचार केला तर इथे जपानी कारण लागूच होत नाही. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंची, डिसेंबरात रात्रीचं तापमान चौदा अंशांच्या आसपास. हरळी, म्हणजेच बर्म्युडा, त्यात मंदावते पण झोपत नाही. तिचा शत्रू पावसाळा. जुलैत आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, आणि हरळीला सावली मुळीच सोसत नाही. पानं लांबट, फिकी होतात, मधल्या उघड्या मातीवर काळं शेवाळ धरतं, यंत्राची चाकं रुततात. खानापूरकडे हे दुपटीने, अथणीकडे जवळजवळ नाहीच. म्हणजे एकाच जिल्ह्यात जोडग्रीनची गरज तालुक्यागणिक बदलते.

इथे दुसरं ग्रीन करायचंच तर ते पावसाळ्याचं ग्रीन म्हणून करावं. होतं नेमकं उलट: पैसे संपल्यावर उरलेल्या कोपऱ्यात, स्थानिक माती लोटून ते उभं राहतं आणि जुलैत पहिलं तेच तुंबतं. उंचवट्यावरची, पूर्वेला झाडं नसलेली जागा घ्यावी. खाली शंभर मिलिमीटर खडी, तिच्याखालच्या चरांत पाच मीटरच्या आत अंतर ठेवून सच्छिद्र पाइप, वर तीनशे मिलिमीटर वाळूचा थर, पृष्ठभागाला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार. लाल मुरमात हे टिकतं. काळ्या मातीत ती फुगते-आकसते तसे पाइपांचे उतार बिघडतात, तिथे चर जास्त खोल घेऊन खडीने भरावे लागतात. वाळू धुतलेलीच हवी. बाटलीत पाण्याबरोबर हलवून तासभर ठेवावी. वर गाळाचा ठळक थर बसला तर ती ग्रीनमध्ये घालू नये, दोन पावसाळ्यांत वरचा थर दगडासारखा होतो.

बंद असलेलं ग्रीन वाढू देणं, ही दुसरी चूक नेहमीची. आठ मिलिमीटरवर ठेवलेलं गवत चार मिलिमीटरवर एका दिवसात आणलं तर पान जाऊन नुसत्या काड्या उरतात. एका कापणीत एक-तृतीयांशापेक्षा जास्त नाही: आठवरून साडेपाच, काही दिवसांनी चार, मधे वाळूचा पातळ हात आणि रोलर. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात चालू करायचं ग्रीन मेच्या सुरुवातीलाच हाती घ्यायला हवं.

शेवटची बाब अंतराची. दोन्ही ग्रीनच्या मध्यापर्यंतची लांबी वेगळी मोजून स्कोअरकार्डावर दोन रकाने लागतात. फेअरवेवरचे, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यावरचे, अंतर सांगणारे दीडशेचे दगड एकाच ग्रीनला मोजलेले असतात, दुसरं चालू असलं की ते दहा-पंधरा मीटरने खोटे पडतात. आज कुठलं ग्रीन चालू आहे याची पाटीही हवी. ती कुठल्या भाषेत, हा आपल्याकडचा वेगळा विषय. पण ती टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारतात तिथे, हवी. ग्रीनजवळ लावलेली पाटी वाचेपर्यंत बॉल मारून झालेला असतो.