छापा, ठसा, खाका की स्टेन्सिल? घरच्या कापडावरील रंगकामाची पार्श्वभूमी

चादरी, उशीचे अभ्रे, पडदे, टेबलक्लॉथ यांवर स्टेन्सिलने रंगकाम करणे हॉबी क्लासमुळे घरोघर पोचले, पण नावाचा गोंधळ मात्र तसाच राहिला. दुकानात ‘छापा द्या’ म्हटले की लाकडी ठसा, रांगोळीचे भोकाभोकांचे प्लॅस्टिक किंवा कापलेली फिल्म, काहीही पुढे येते. या शब्दाचा घोळ नुसता भाषेचा नाही. त्यापायी कापड वाया जाते.

ठशाचा उठावाचा भाग रंग घेतो आणि तोच कापडावर टेकतो. खाका म्हणजे सुईने टोचलेला ट्रेसिंग पेपर. त्यावर रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने घासली की भरतकामासाठी नुसती ठिपक्यांची रेघ उतरते. स्टेन्सिलचे उलटे असते: पान, म्हणजे नक्षी कापलेला कागद किंवा फिल्म, रंग अडवते आणि जिथे कापले आहे तिथूनच तो खाली जातो. सायक्लोस्टाइलच्या, म्हणजे मेणकागदावरून प्रती काढणाऱ्या यंत्राच्या काळात ऑफिसात ‘स्टेन्सिल कापणे’ म्हणजे टाइपरायटरची फीत बाजूला करून मेणकागदावर अक्षरे उठवणे. शाई त्या अक्षरांतूनच झिरपायची, म्हणजे तत्त्व अगदी हेच. त्यामुळे हा शब्द मराठीत ऑफिसच्या वाटेने आला असला तरी चपखल आहे आणि तोच वापरावा.

आता नुकसान कसे होते ते पाहा. ठसाकामात टेबलावर घोंगडी किंवा जुन्या चादरींच्या घड्या घालून गादी करतात, म्हणजे ठसा नीट दबतो. रंगही जरा पातळ लागतो. ‘छापा’ म्हणून स्टेन्सिलखालीही तशीच गादी घातली की ब्रशच्या दाबाने कापड खाली जाते, पानाची कड उचलली जाते आणि रंग आत शिरून फुटतो. स्टेन्सिलला टणक पाट लागतो, कापड चारही बाजूंनी टेपने ताणलेले लागते आणि ब्रश जवळजवळ कोरडा लागतो. रंगात बुडवलेला ब्रश आधी कागदावर ठोकून घ्यायचा, मग कडेकडून मध्याकडे उभा आपटत न्यायचा. ओढायचा नाही.

या तंत्राची जुनी घराणी अनेक आहेत. जपानमध्ये तुतीच्या सालीच्या कागदाचे दोन-तीन थर पर्सिमन फळाच्या रसाने चिकटवून पान करत. त्यातून रंग नव्हे, तर भाताची चिकट लापशी कापडावर जाई. नंतर कापड निळीत रंगवले की लापशीखालचा भाग पांढरा राही. रजईच्या खोळीही अशा होत. फिजी बेटांवर झाडाच्या सालीच्या कापडासाठी झाडांच्या पानांतून नक्षी कापत. वृंदावनच्या सांझीत कातरलेल्या कागदातून कोरडी पूड भुरभुरतात, पण ते काम जमिनीवरचे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुती पलंगपोसांवर फुलांच्या टोपल्या स्टेन्सिलने रंगवत. तिथेच मखमलीवर फळाफुलांची चित्रे काढताना एका चित्रासाठी अनेक पाने कापली जात आणि शेजारशेजारचे दोन भाग एका पानावर कधीच येऊ देत नसत.

असे का, ते कोयरी कापून पाहिली की लगेच कळते. कोयरीच्या पोटात ठिपका ठेवायचा असेल तर भोवतीची जागा कापताच तो ठिपका गळून पडतो. एकाच पानावर भागवायचे तर त्याला धरायला कागदाच्या बारीक दांड्या, म्हणजे ब्रिज, ठेवावे लागतात. जपानी कारागिरांनी दोन थरांमध्ये रेशमाचे धागे घालून हा प्रश्न सोडवला. 1907 साली मँचेस्टरमध्ये रेशमी जाळीवरच्या छपाईचे पेटंट घेतले गेले आणि त्याच वाटेने आजचे स्क्रीन प्रिंटिंग वाढले. जाळी आली तशी ब्रिजची गरजच संपली. घरकामात मात्र वाद शिल्लक आहे: ब्रिजची कोरी फट नंतर ब्रशने भरावी की तशीच ठेवावी? क्लासमध्ये बहुधा भरायला सांगतात. पण भरलेल्या जागी रंगाचा थर वेगळा बसतो आणि दोन-चार धुण्यांत तिथला फरक दिसू लागतो. फट ठेवली तर तीच नक्षीची रेघ होते. मात्र त्यासाठी ब्रिज आधीपासून डिझाइनमध्येच धरावा लागतो, दीड-दोन मिलिमीटर रुंदीचा. त्याहून बारीक असला तर पान धुताना तुटतो.

आपल्याकडे खरा बदल दोन वस्तूंनी घडवला. एक म्हणजे जुनी एक्स-रे फिल्म. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ती भिजवली की काळा थर घासून निघतो आणि साधारण 0.18 मिलिमीटर जाडीची पारदर्शक, न भिजणारी शीट हाती येते. खालचे डिझाइन दिसते आणि शंभर वेळा वापरले तरी कड शाबूत राहते. फिजीतही आता झाडांच्या पानांच्या जोडीने हीच फिल्म वापरतात. दुसरी वस्तू म्हणजे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक फॅब्रिक रंग. तेलरंगाभोवती तेलाचे पिवळट वलय पसरत असे, ते यांनी बंद केले. साधा ॲक्रिलिक वापरायचा तर दोन भाग रंगाला एक भाग फॅब्रिक मीडियम, म्हणजे रंग कापडावर मऊ ठेवणारे द्रव, घालावे, नाहीतर वाळल्यावर अभ्रा गालाला टोचतो.

एक्स-रे संगणकावर गेल्यापासून फिल्म दुर्मीळ झाली. तिची जागा कटिंग मशीनवर कापलेल्या शीटने आणि चिकट विनाइलने घेतली. विनाइलची कड अतिशय स्वच्छ येते, पण एकदा सोलले की ते बहुतेक वेळा संपलेच. सहा अभ्र्यांच्या किनारीला एकच नक्षी पुन्हापुन्हा उमटवायची तर हे परवडत नाही. तयार शीटवरच्या नक्षीत ब्रिजही कुणा दुसऱ्याच्या सोयीने पडलेले असतात.

कापडाच्या तयारीचे नियम मात्र बदललेले नाहीत. नवा मांजरपाट आधी धुवून खळ काढायची, कारण खळीवर बसलेला रंग खळीबरोबर निघून जातो. पहिल्या धुण्यात कापड आटते, म्हणून माप त्यानंतरच घ्यायचे. रंगवल्यावर पूर्ण एक दिवस वाळू द्यायचे, मग उलट्या बाजूने गरम इस्त्री तीन ते पाच मिनिटे फिरवत ठेवायची आणि पहिले धुणे तीन दिवसांनी, थंड पाण्यात, ब्रश न लावता.