जेवून आडवं झालं की उचकी का लागते?

रात्री अकराला दाबून जेवायचं, वर सोडा नाहीतर बिअर, आणि लगेच गादीवर पडायचं, मग उचकी नाही लागणार तर काय होणार. पोट फुगलं की त्याच्या बरोबर वर असलेला डायफ्रॅम, म्हणजे आपला श्वासाचा मुख्य स्नायू, चाळवतो, शिवाय आडवं झाल्यावर ॲसिड अन्ननलिकेत वर सरकतं, ते वेगस नावाच्या नसेला झोंबतं, ती मेंदूला कळवते आणि मेंदू डायफ्रॅमला झटका देतो. हवा आत खेचली जाते न जाते तोच ३५ मिलिसेकंदांत स्वरयंत्राची फट फाटकन मिटते. तोच तो 'हिक्' आवाज.

उपाय म्हणाल तर श्वास रोखून धरा, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि हा झटका शांत होऊ शकतो. गार पाण्याचे छोटे छोटे घोट घ्या, किंवा चमचाभर साखर कोरडीच गिळा (डायबेटिस असेल तर नको). १९७१ मध्ये अमेरिकेत २० पेशंटना साखर देऊन बघितली, १९ जणांची उचकी थांबली, पण साखर न दिलेला गटच नव्हता तुलनेला. आपल्याकडे कोण आठवण काढतंय म्हणून नावं घेत बसतात ना, तिथेही तेच, बहुतेक उचक्या काही मिनिटांत आपोआपच जातात आणि क्रेडिट मात्र शेवटच्या नावाला!

रोज रात्रीच होत असेल आणि सोबत करपट ढेकर, जळजळ असेल तर ॲसिडिटीचं बघा. झोपायच्या दोन-तीन तास आधी जेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, डाव्या कुशीवर झोपा कारण तसं झोपलं की जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं.

४८ तासांच्या वर उचकी चालली तर मात्र डॉक्टर. झोपेतही चालू असते का हे ते हमखास विचारतील, कारण झोपेत थांबत नसेल तर शरीरातलं कारण शोधावं लागतं, म्हणजे किडनी, सोडियम कमी होणं, किंवा डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड चालू असणं. बॅक्लोफेन वगैरे गोळ्या आहेत, पण मनाने घेऊ नका. आणि उचकीबरोबर अचानक चक्कर, तोल जाणं, गिळायला त्रास असं काही झालं तर तो स्ट्रोक असू शकतो, सकाळ होईपर्यंत थांबू नका, तसंच उठून हॉस्पिटल गाठा.